जोड बरोबरीची असावी

(गगनबावडा येथे शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कुस्तीच्या मैदानाचे पहिले काम कुस्ती लावणे हे नसते, जोड ठरवणे हे असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही जत्रेत जाणत्या वस्तादांची मंडळी आधी पैलवानांकडे पाहते. वजन, उंची, मेहनत, आधीच्या कुस्त्या, सगळे डोळ्यांखालून घालते आणि मगच दोघांचे हात हातात देते. विजोड कुस्ती लावली तर प्रेक्षक उठून जातात. त्यात जिंकणाऱ्याची शोभा होत नाही आणि हरणाराही काही शिकत नाही. शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या, १९१२ साली सुरू झालेल्या खासबाग मैदानाने हा संकेत शतकभर पाळला. शालेय क्रीडा स्पर्धांच्या मैदानावर मात्र जोड पाहण्याची ही रीत आज कितपत उरली आहे?

हा प्रश्न गगनबावड्यात विचारणे अगत्याचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा तालुका. एका अंगाला करूळ आणि भुईबावड्याचे घाट, दुसऱ्या अंगाला कुंभीचे खोरे. लोकसंख्येने लहान आणि पावसाने जिल्ह्यात अग्रेसर. साळवण, असळज, तिसंगी अशा गावांतून आणि वाड्यावस्त्यांतून मुले शाळेत येतात. डोंगर चढून-उतरून त्यांचे पाय कणखर झालेले असतात आणि दम लांबलेला असतो. म्हणूनच त्यांच्यावर नजर जाते. एखादा मुलगा तालुक्यात चमकला की कोणा निवासी शाळेचा किंवा खासगी अकादमीचा निरोप येतो. शुल्कात सवलत, राहण्या-जेवण्याची सोय, प्रशिक्षक, गणवेश. पालक हरखतात. पुढच्या वर्षी तोच मुलगा दुसऱ्या शाळेचे नाव छातीवर घेऊन आपल्याच जुन्या सवंगड्यांसमोर कबड्डीच्या मैदानात उभा राहतो. मग कुजबुज सुरू होते. ‘पोरगा पळवला,’ असे एक बाजू म्हणते. ‘पोराचे कल्याण केले,’ असे दुसरी म्हणते.

यातील खरे कोणते? प्रथम दुसऱ्या बाजूचे म्हणणे मोकळ्या मनाने ऐकले पाहिजे. मुंबईच्या वांद्र्यातील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकणाऱ्या एका मुलाला रमाकांत आचरेकर सरांनी शाळा बदलण्याचा सल्ला दिला आणि तो दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात दाखल झाला. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध त्याने विनोद कांबळीसह ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तो मुलगा म्हणजे सचिन तेंडुलकर. खेळासाठी शाळा बदलणे हे पाप असते, तर ही भागीदारी झालीच नसती.

आता आपल्या शेजारी पाहू. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला. घरापासून दूर राहून तो नेमबाजी शिकला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. गावात नेमबाजीची रेंज नव्हती, तेव्हा गाव सोडणे अपरिहार्यच होते. शासनाची प्रबोधिनी तरी काय करते? चाचण्या घेऊन गावोगावची गुणवान मुले वेचते आणि एकत्र घडवते. म्हणजे मुले निवडून नेण्याचे काम केवळ खासगी संस्थाच करतात, असे म्हणता येणार नाही. मुलाने उंच जावे आणि त्यासाठी दूर जावे लागले तरी जावे. गावाच्या अभिमानापोटी त्याचा पाय ओढण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार तीन गोष्टींची आहे आणि त्या तीनही वेगळ्या ठेवून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट उसन्या खेळाडूची. जो मुलगा शाळेच्या हजेरीपटावर आहे, पण वर्गात नाही. जो केवळ स्पर्धेच्या दिवसांपुरता शाळेचा आहे, तो त्या शाळेचा विद्यार्थी कसा म्हणायचा? शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी ती चढण असते. वरच्या पायरीवरील प्रमाणपत्राला मोल आहे. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते आणि २००५ पासून राज्याच्या शासकीय सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जिथे प्रमाणपत्राला मोल येते, तिथे ते प्रमाणपत्र लबाडीने मिळवण्याचा मोहही येतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या आधारे नोकरी मिळवल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली, हे सर्वश्रुत आहे. कागदावरचा विद्यार्थी हे त्याच रोगाचे कोवळे लक्षण होय.

दुसरी गोष्ट विजोड सामन्याची. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. जगभर त्याचे नाव झाले आणि ते योग्यच होते. त्या मुलाची एकाग्रता असामान्य होती. परंतु त्याच सामन्याचा दुसरा आकडा फारसा कोणाच्या लक्षात नाही. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरच्या शाळेचे दोन्ही डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. त्या संघात वयाने आणि सरावाने लहान मुले होती, हे तेव्हाच्या वृत्तपत्रांतून आले होते. दोन्ही शाळा खासगी होत्या, म्हणजे हा दोष सरकारी-खासगी असा नव्हे. दोष जोड न पाहण्याचा आहे. त्या दुसऱ्या संघातील मुलांनी त्या दोन दिवसांत खेळाविषयी काय ग्रहण केले असेल?

आपल्याकडेही जोड पाहण्याचा एक चांगला संकेत व्यवस्थेत आहे. महानगरपालिका क्षेत्राच्या स्पर्धा जिल्ह्याच्या ग्रामीण स्पर्धांपासून वेगळ्या होतात. त्यामुळे कोल्हापूर शहरातील शाळेची आणि गगनबावड्यातील शाळेची गाठ विभागीय पातळीच्या आधी पडत नाही. पण ग्रामीण भागातच उभ्या राहिलेल्या निवासी अकादमीला ही भिंत अडवत नाही. एका बाजूला पहाटे आणि सायंकाळी सराव करणारी, पगारी प्रशिक्षक असलेली, अनेक गावांतून निवडलेली मुले. दुसऱ्या बाजूला जवळपासच्या वाड्यांतील मुले, ज्यांचा वर्गशिक्षकच क्रीडाशिक्षक, पंच आणि प्रवासात पालक असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक विद्यार्थी असतील, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. डोंगरातील लहान शाळा तो आकडा गाठणार कशी? तिथे पटसंख्याच खेळाच्या आड येते. त्यात स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. कोल्हापुरात ऊन पडलेले असते तेव्हा बावड्याच्या मैदानात चिखल असतो.

तिसरी गोष्ट मागे राहिलेल्यांची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. कबड्डीच्या संघात मैदानावर सात जण उतरतात. लहान शाळेतून दोन चढाईपटू गेले की संघ मोडतो. उरलेल्या पाच जणांची त्या वर्षीची स्पर्धा संपते, त्यांची काही चूक नसताना. मुलींच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने घडते. अनेक घरांतून मुलीला दूरच्या वसतिगृहात पाठवण्यास आजही मन धजत नाही. तिच्यासाठी गावच्या शाळेचा संघ हीच एकमेव वाट असते. ती वाट मोडली तर तिची गुणवत्ता कोणाला दिसणार?

ही अडचण केवळ आपलीच आहे असे नाही. अमेरिकेतील शालेय स्पर्धांत हाच वाद अनेक वर्षे चालू आहे. सरकारी शाळेला आपल्या हद्दीतील मुले घ्यावी लागतात. खासगी शाळा दूरदूरची मुले घेऊ शकते. तिथे अनेक ठिकाणी शाळांचे गट विद्यार्थिसंख्येवरून पडतात. अलाबामाने १९९९ मध्ये खासगी शाळांची पटसंख्या १.३५ ने गुणून त्यांना वरच्या गटात घालण्याची पद्धत आणली. २००५ मध्ये इलिनॉयने हद्द नसलेल्या शाळांसाठी १.६५ हा गुणक ठरवला. कुटुंबाने घर न बदलता शाळा बदलली तर विद्यार्थ्याला काही काळ संघाबाहेर बसावे लागेल, असे नियमही तिथे अनेक राज्यांत आले. या उपायांनी वाद संपला नाही. मात्र विषमता मोजता येते आणि मोजून तिच्यावर उपाय करता येतो, एवढे त्यातून निश्चित दिसले.

आपल्याला मात्र उपाय शोधायला सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या तालमींनी तो केव्हाच शोधला आहे. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे. १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारे दादू चौगुले राधानगरी तालुक्यातील अर्जुनवाड्याचे. दोघेही कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडले. तालमीने त्यांना घेतले, पण गावाचे नाव पुसले नाही. मैदानात पैलवानाची पुकार होते तेव्हा गाव, तालीम आणि वस्ताद तिन्ही उच्चारले जातात. गावाकडून खुराक जायचा आणि पैलवान जत्रेला गावात परत यायचा. त्याला पाहून चार पोरे लाल मातीत उतरायची. घेणे आणि परत देणे, अशी ती दुहेरी वाट होती. आजच्या व्यवहारात घेणे उरले आणि परत देणे सुटले.

तेव्हा काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. सांघिक खेळात, पालकांचे स्थलांतर नसताना शाळा बदलणाऱ्या विद्यार्थ्याने एक हंगाम थांबावे; वैयक्तिक खेळात मात्र त्याला मुळीच अडवू नये, कारण तिथे त्याच्या जाण्याने कोणाचा संघ मोडत नाही. हजेरीपट आणि प्रत्यक्ष वर्ग यांची पडताळणी स्पर्धेपूर्वी व्हावी. निवासी अकादम्यांच्या संघांना जिल्हा पातळीपर्यंत स्वतंत्र गट असावा आणि पुढे दोन्ही गटांतील विजेत्यांना वाट मिळावी. खेळाडूच्या प्रमाणपत्रावर त्याच्या पहिल्या शाळेचे नाव छापले जावे. शासनाला त्यासाठी एक ओळ वाढवावी लागेल, पण ज्या गुरुजींनी त्या मुलाला पहिल्यांदा मैदानात उतरवले, त्यांच्यासाठी ती ओळ आयुष्याची कमाई ठरेल. मूल नेणाऱ्या संस्थेने वर्षातून काही दिवस आपला प्रशिक्षक त्या मूळ शाळेत पाठवावा. आणि नेलेला मुलगा जायबंदी झाला किंवा अपेक्षेइतका खेळला नाही, तर त्याचे शिक्षण अर्ध्यात सोडू नये. पालकांनी हे आश्वासन आधी लेखी घ्यावे. तोंडी गोड बोलण्यावर जाऊ नये.

काही गोष्टींसाठी शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. राज्य पातळीवर कबड्डी मॅटवर खेळली जाते आणि आपली मुले मातीवर सराव करून तिथे जातात. एका शाळेला मॅट परवडणार नाही. खोऱ्यातील पाच शाळांनी मिळून घेतली तर परवडेल. पावसाळ्यात एखादे मंगल कार्यालय, एखाद्या देवालयाचा सभामंडप सकाळी दोन तास मुलांना मिळू शकतो. सैन्यातून, पोलिसांतून निवृत्त होऊन आलेले खेळाडू गावोगाव आहेत. त्यांनी आठवड्यातील दोन संध्याकाळी दिल्या, तर वर्गशिक्षकाच्या खांद्यावरचा भार हलका होईल. मुलींचा संघ टिकवण्यासाठी गावातील मातांनी प्रवासाला सोबत जाण्याची पाळी लावावी.

रामचंद्रपंत अमात्यांच्या वंशजांची ही जहागीर. स्वराज्याच्या त्या अमात्यांनी आज्ञापत्रात गडकोटांच्या रक्षणाचा विचार सांगितला. आजचा गड म्हणजे गावची शाळा. तिथून शिलेदार बाहेर मोहिमेवर जाणारच, जायलाच हवेत. पण गडावर शिबंदी उरली आहे का, हे पाहणे ज्याच्या हाती किल्ला आहे त्याचे काम आहे. येत्या हंगामात तालुक्याच्या मैदानावर कोणाचा मुलगा कोणत्या शाळेकडून खेळतो यावर वाद घालण्यापूर्वी, त्या मैदानावर आपल्या शाळेतील मुलींचा संघ पूर्ण बारा जणींचा उतरला आहे का, एवढे प्रत्येकाने एकदा मोजून पाहावे.