कथेत संघटना कोठे आहे?
(घाटकोपर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासमंडळात केलेले भाषण)



अण्णा भाऊ साठे यांच्या कथासंग्रहाने निराशा केली, असे आपल्यापैकी काहींचे म्हणणे पडले. १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणारा, याच घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिलेला लेखक. आणि त्याच्या कथांत संघटना का दिसू नये?

तक्रारीचा अर्धा भाग मला मान्य आहे. त्यांचे कित्येक नायक मनगटाच्या बळावर एका दुष्टाचा निकाल लावतात आणि कथा संपते. पाटील पडतो, पाटीलकी तशीच राहते. घाईच्या खुणाही जागोजाग आहेत. लेखक श्रमिक म्हणून त्याला गुण वाढवून देणे, हाही तुच्छतेचाच एक प्रकार होय.

परंतु हीच तक्रार ‘स्मशानातील सोनं’ या कथेलाही लावली गेली, तेथे माझा मतभेद आहे. वारणाकाठचा भीमा मुंबईत येतो. शहरात काम मिळत नाही, म्हणून उपनगरातल्या दगडखाणीवर घाम गाळतो. सहा महिन्यांत खाण बंद पडते. मग राखेत सापडलेल्या एका अंगठीपासून तो प्रेते उकरण्यापर्यंत जातो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. दोन बोटे कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. ज्या हाताने डोंगर फोडायचा, तो हातच निकामी झालेला!

या कथेत युनियन आणून बसवली असती, तर आपले समाधान झाले असते. कथा मात्र खोटी पडली असती. गिरणगावात संघटना होत्या. खाणीवरच्या रोजंदाराला काम बंद म्हणजे चूल बंद, एवढाच कायदा ठाऊक होता. आज नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्यापर्यंत तरी आपले पावतीपुस्तक किती पोहोचले आहे?

१९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णा भाऊंनी पृथ्वीचा भार दलितांच्या तळहातावर आहे, असे सांगितले. ते वाक्य आपल्या व्याख्यानांतून वारंवार येते. त्याच तळहाताची बोटे तुटलेली दाखवणारी कथा मात्र आपल्याला निराश करते, हे चमत्कारिक नव्हे काय?

पुढच्या बैठकीत ही कथा मोठ्याने वाचावी, अशी माझी सूचना आहे. येताना नाक्यावरच्या दोघातिघांना सोबत आणावे. त्यांचे मत आपण अजून विचारलेले नाही.