एका तपासणीची किंमत

तिसगावच्या आयाबायांनो, आपल्या जामखेडच्या पलीकडे, धाराशिव जिल्ह्यात, १९९९ साली सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास सुरू झाला. टाटा आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयांचं हे काम. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, तिथं आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे झाले. एकदाच, बरं का!

आणि तोंडाच्या कर्करोगाला बोलावणारी मिश्री? ती तंबाखूच, भाजली म्हणून औषध होत नाही. तोंडात न भरणारी जखम असेल तर लगेच दाखवा.

पैशाचं म्हणाल, तर आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. सोबतच्या माणसाचा मुक्काम, बुडालेली मजुरी मात्र त्यात येत नाही. त्यासाठी चार पैसे बाजूला टाका. आणि आयुष्मान कार्डासाठी रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव आजच जुळवून घ्या.