न्हाणीघराबाहेरील दोन दिवे



पौष महिन्यांत आमच्या बदनापुरास पहांटेची थंडी अशी बोचते कीं, स्टेशनावर गाडीची शिटी ऐकूं आली तरी अंथरुणांतून पाय बाहेर काढवत नाहीं. माझ्या लहानपणीं अशा वेळीं सर्वांच्या आधीं उठे ती आई, आणि न्हाणीपाशीं तांब्याचा बंब पेटवी. हा मुलूख तुरीचा. कडधान्यांवर काम करणारें कृषि संशोधन केंद्रहि आमच्या गांवींच आहे. तेव्हां जळणास तुराट्यांचा तोटा नसे. त्या बंबाचा मोठा गुण असा कीं, तो आपली अवस्था आपणच सांगे. धूर आला म्हणजे पेटला, गुणगुणूं लागला म्हणजे पाणी तापत आलें, आणि राख निवली म्हणजे आंत खुशाल हात घालावा.

आतां त्या जागीं विजेचा गिझर आला आहे, आणि तो मुका आहे. आंत वीज पोंचली कीं नाहीं, पाणी तापत आहे कीं तापून बसलें आहे, हें बाहेरून कळावयाचें कसें? गिझरवर एक बारीक दिवा असतो खरा. पण आमचा गिझर छतालगत, आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरते. म्हणून न्हाणीघराबाहेर, जेथें गिझरचें बटण आहे त्याच पेटींत, मीं दोन दिवे बसवून घेतले. लालानें सांगावें, ‘वीज आली’. पिवळ्यानें सांगावें, ‘पाणी तापत आहे’. मी कांहीं इंजिनिअर नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें पदार्थविज्ञान आणि जन्मभर मुलांसाठीं फळ्यावर काढलेल्या आकृत्या, एवढेंच माझें भांडवल.

असा दिवा जुन्या पद्धतीचा असेल तर त्यांत निऑन वायु असतो. हा वायु १८९८ सालीं लंडन येथें रॅम्से आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनीं शोधून काढला. काचेच्या लहानशा कुपींत तो विरळ भरून दोन तारा समोरासमोर ठेवतात. तार तापून उजळत नाहीं. वायूच नारिंगी प्रकाश देतो. साठ-सत्तर व्होल्टांपर्यंत तो निजलेला असतो. दाब त्याहून चढला कीं एकदम जागा होतो, आणि जागा झाला कीं मिळेल तेवढा प्रवाह पिऊं पाहतो. घरांतील २३० व्होल्टांवर त्याला तसाच जोडला तर क्षणांत त्याचा अंत होईल. म्हणून त्याच्या वाटेंत लाख-दोन लाख ओहमचा रोधक घालतात. मग प्रवाह मिलिअँपिअर-दोन मिलिअँपिअरांत राहतो. २००० वॉटचा गिझर जेथें जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तेथें हें कांहींच नव्हे. दिवा वर्षभर अहोरात्र जळला तरी दोन-चार युनिटांचा खर्च. शेजाऱ्यांनीं बिलाची भीति घातली होती, म्हणून हा हिशेब सांगितला. हल्लींच्या दिव्यांत बहुधा एलईडी असते. तिलाहि असाच लगाम लागतो. दिव्यावर २३० व्होल्ट ए.सी. असें लिहिलेलें पाहून घ्यावें, इतकेंच.

परंतु दिवा कोणता, यापेक्षां तो कोठें जोडला आहे हें अधिक महत्त्वाचें. बटणानंतरची फेज आणि न्यूट्रल यांमध्यें जोडलेला दिवा बटण चालू असेपर्यंत जळतो. पाणी तापो वा न तापो. गिझरमध्यें थर्मोस्टॅट नांवाचा पहारेकरी असतो. पाणी ठरल्याइतकें तापलें कीं तो वीज अडवितो. त्याच्या पलीकडे, प्रत्यक्ष कॉइलच्या दोन टोकांवर जोडलेला दिवा पाणी तापल्यावर विझतो. यासाठीं गिझरपासून पेटीपर्यंत एक जादा तार आणावी लागते. वायरमन कुरकुरला, पण त्यानें आणली. कॉइल तुटली असली तरीहि हा पिवळा दिवा जळतच राहतो. तेव्हां तास लोटला तरी तो विझेना, तर कॉइल गेली असा संशय घ्यावा.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. पुढें एके दिवशीं गिझर घरघरूं लागला. आमच्याकडील पाण्यांत क्षार फार. कॉइलवर पुटें चढलीं असावींत, असें समजून मीं बटण बंद केलें. दोन्ही दिवे विझले. मीं झांकण काढून पेचकस आंत घातला, आणि असा धक्का बसला कीं स्टुलावरून थेट फरशीवर आलों. मनगट महिनाभर पट्टींत होतें.

घर बांधतांना ज्या कोणी तारा ओढल्या, त्यानें फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल केली होती. त्यामुळें बटणानें न्यूट्रल तुटे आणि फेज गिझरमध्यें तशीच उभी राही. मग दिवे विझले कां? दिव्याच्या एका टोकाला फेज, आणि दुसऱ्या टोकालाहि कॉइलमधून फिरून आलेली तीच फेज. दोन विहिरींचें पाणी एकाच पातळीला असलें तर मधल्या पाटांतून प्रवाह वाहत नाहीं. म्हणून विहिरी कोरड्या आहेत असें कोणी म्हणेल काय? मीं तेंच म्हटलें होतें.

याच्या उलट फसवणूक आमच्या शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. विहिरीवरील स्टार्टरच्या पेटींत तीन फेजांचे लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असतात. मोटार फिरत असतां एक फेज तुटली तर फिरती मोटारच त्या तुटलेल्या तारेंत दाब उत्पन्न करते. तिन्ही दिवे जळत राहूं शकतात, आणि मोटार मात्र जळून जाते.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत बटणाच्या पेटींत न्यूट्रल आणलेलीच नसते. मग कोणी दिवा बटणाच्याच दोन टोकांवर जोडतात. असा दिवा बटण बंद असतां जळतो आणि चालू केल्यावर विझतो. माहीत असेल त्यास ठीक. परंतु कोणी न्यूट्रलऐवजीं अर्थिंगची तार वापरतात, तें कदापि करूं नये. अशा जागीं साधा तारेचा बल्ब लावला आणि पुढें अर्थिंगची तार तुटली, तर त्या बल्बमधून वीज गिझरच्या पत्र्यावर येऊन उभी राहते.

आतां आमच्या पेटींत फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारें बटण आहे, आणि तीस मिलिअँपिअर गळतीवर वीज बंद करणारें यंत्र मुख्य फलकावर बसविलें आहे. काम करणारा वायरमन टेस्टर आधीं चालू असलेल्या प्लगांत लावून पाहतो, मग गिझरच्या तारांवर, आणि पुन्हां त्याच प्लगांत. टेस्टरमध्येंहि तोच निऑन. तोहि केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं.

दिव्यांचा खरा उपयोग मात्र माझ्याहून माझ्या पत्नीस अधिक होतो. लालाकडे ती पाहतहि नाहीं. पिवळा विझला कीं स्वयंपाकघरांतून हांक येते, “अहो, पाणी तापलं. आधी बटण बंद करा, मग जा अंघोळीला.”