विनोदांतला हॅम्लेट

मराठी प्रहसनांत एक प्रसंग वरचेवर दिसतो. एखादा संसारी गृहस्थ खांद्यावर शाल ओढतो, हात उंचावतो, आणि आज दाढी करावी कीं न करावी, हा प्रश्न धीरगंभीर स्वरांत विश्वाला घालतो. नाट्यगृहांत हंशा पिकतो. श्रोतेहो, हा हंशा कोणाच्या पुण्याईवर?

प्रश्न मूळचा हॅम्लेटचा. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ या नांवानें तें नाटक मराठींत आणलें व पुढें गणपतराव जोशी यांनीं ती भूमिका गाजविली. परंतु आजच्या प्रेक्षकाच्या कानीं तो येतो नाशिकच्या वाटेनें. नाशिककर वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ नाटकांत (१९७०) वृद्ध नट गणपतराव बेलवलकर तोच प्रश्न स्वतःच्या वेदनेनें विचारतो. मुलांना सर्वस्व वाटून निराधार झालेल्या या बापाची कथा मात्र लिअरची आहे. (काटेकोरपणें पाहतां लिअर एलिझाबेथ राणीच्या निधनानंतरचा, पण रंगभूमि तीच.) म्हणजे प्रहसनांतला नट एकाच वेळीं दोघांची नक्कल करीत असतो, आणि बहुतेकांना ओळखूं येतो तो बेलवलकरच.

आतां त्या जुन्या रंगभूमीकडे वळावें. १५९९ सालीं थेम्सच्या दक्षिण तीरावर ग्लोब नाट्यगृह उभें राहिलें. मधल्या उघड्या अंगणांत एक पेनी देऊन लोक उभ्यानें खेळ पाहात. खेळ भर दुपारीं. तेव्हां नटाला प्रेक्षकांचे चेहरे स्पष्ट दिसत. तेथें स्वगत हें अंधाराकडे पाहून पुटपुटणें नव्हतेंच. तें त्या गर्दीशीं केलेलें उघड बोलणें होऊं शके. यास्तव रंगमंचाच्या कडेशीं येऊन प्रेक्षकांना डोळा घालणारा विनोदी नट, नकळत कां होईना, शून्यांत टक लावणाऱ्या गंभीर नटापेक्षां त्या रीतीच्या अधिक जवळ जातो!

अडचण निराळीच आहे. ज्या मुलानें हें स्वगत प्रथम प्रहसनांत ऐकलें, त्याला पुढें खरा बेलवलकर भेटला कीं नेमक्या करुण क्षणीं हसूं फुटतें. त्यांत नक्कल करणाऱ्याचा अपराध नाहीं. घरांत ‘नटसम्राट’ची प्रत उघडली गेली नाहीं, एवढेंच. गंमत अशी कीं, पदरचीं वाक्यें घालून लोकांना हंसविणाऱ्या विदूषकांना खुद्द हॅम्लेटच त्या नाटकांत दटावतो. तें दटावणेंहि प्रहसनवाल्यांच्या हातीं अद्याप लागलेलें दिसत नाहीं.