उंबरठ्यापासून दप्तरापर्यंत



युद्धाच्या आघातातून सावरणाऱ्या देशातील साथीचे रोग हा विषय परिषदेने यंदाच्या विचारार्थ घेतला आहे. त्याचा विस्तार एवढा मोठा आहे की सर्व अंगांना ओझरता स्पर्श करीत गेल्यास कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून एकाच देशाचा, आपल्या शेजारच्या बांगलादेशाचा, १९७१ नंतरचा वृत्तान्त मी आपणापुढे ठेवणार आहे.

युद्धात पूल उडतात, धान्याची कोठारे जळतात, रुग्णालये उद्ध्वस्त होतात; ही हानी डोळ्यांना दिसते आणि तिच्या भरपाईसाठी परदेशांतून साहाय्यही येते. परंतु ठाण्याचे दप्तर नष्ट झालेले, गावचा चौकीदार परागंदा झालेला, लस टोचणारा कर्मचारी सीमेपलीकडे निघून गेलेला, आणि कोणत्या घरी कोण आजारी आहे याची वर्दी द्यावी तरी कोणाकडे हे गावकऱ्यांना उमगेनासे झालेले, ही जी दुसरी हानी, ती छायाचित्रांत येत नाही. साथीचा रोग या दुसऱ्या हानीच्या वाटेनेच देशात शिरतो, असे माझे मत आहे, आणि बांगलादेशाचा इतिहास त्याला पुरेपूर आधार देतो.

त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात देवीच्या रोगाचा प्रसार १९७० च्या ऑगस्टमध्ये थांबला होता. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये लष्करी अत्याचार सुरू झाले आणि सुमारे एक कोटी माणसे जीव मुठीत धरून भारतात आली. कलकत्त्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक येथे जी विस्तीर्ण छावणी उभी राहिली, तिच्यात देवीचे रुग्ण होते. पण कागदोपत्री ते कांजिण्यांचे ठरले. रोगाची खरी ओळख पटली ती सहस्रावधी कोसांवर, अमेरिकेत, छावणीची चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखविली जात असता देवीच्या एका जाणत्या तज्ज्ञाची दृष्टी तिच्यावर पडली तेव्हा! तोपर्यंत नवा देश स्वतंत्र झाला होता, छावणी रिकामी होऊ लागली होती, आणि घराच्या ओढीने आगगाडीतून, नावेतून, पायी परतणाऱ्या लोकांबरोबर देवीही खुलना आणि आसपासच्या जिल्ह्यांत पोहोचली होती. छावणीतल्या रुग्णांच्या अंगावरचे फोड कोणालाच दिसले नसतील, असे मला वाटत नाही. पाहणारे पुष्कळ होते, परंतु पाहिलेले निःशंकपणे लिहून वर कळवावे अशी व्यवस्था मात्र नव्हती.

स्वतंत्र राष्ट्राच्या पहिल्या तीन वर्षांत देवी हटविण्याचे काम अनेकदा सिद्धीच्या जवळ आले आणि अनेकदा विस्कटले. १९७४ चे महापूर व दुष्काळ यांनी लोकांना पुन्हा वाटेला लावले, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनी डाक्क्यातील झोपडवस्त्या सरकारी हुकुमाने उठविण्यात आल्या तेव्हा तेथील रहिवासी आपापल्या गावी पांगले व त्यांच्याबरोबर रोगही पांगला. आपल्याकडे १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घरांत घुसू लागले, तेव्हा लोकांनी रोगी दडविले, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. जबरदस्तीने रोग्याला लपावयास वा पळावयास लावले की रोगाला मोकळे रान मिळते, हे डाक्क्यातही तितकेच खरे ठरले.

देवीचा शेवट झाला तो याच्या नेमक्या उलट मार्गाने. कर्मचारी गावोगावच्या बाजारांत व शाळांत देवी आलेल्या मुलाचे चित्र घेऊन हिंडत आणि असा रुग्ण कोठे पाहिला आहे काय, असे विचारीत; बातमी खरी निघाल्यास इनाम देण्यात येई, आणि रुग्ण जसजसे विरळ होत गेले तसतशी इनामाची रक्कम वाढविण्यात आली. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये भोला बेटावरील कुरालिया गावी एका लहानग्या मुलीच्या अंगावर देवी उठल्या. तिची वर्दी दिली ती जेमतेम आठ वर्षांच्या दुसऱ्या एका मुलीने, आणि तिला २५० टक्यांचे इनाम मिळाले. घरावर पहारा बसला, दीड मैलाच्या त्रिज्येतील अठरा हजारांहून अधिक लोकांना लस टोचण्यात आली, आणि मनुष्यजातीला सहस्रावधी वर्षे छळणाऱ्या देवीच्या उग्र प्रकाराचा नैसर्गिक संसर्गाने झालेला तो अखेरचा रुग्ण ठरला. दुभंगलेल्या टोकाची सुई, शुष्क लस, जागतिक आरोग्य संघटनेचे द्रव्यबळ, यांचे मोल मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. तथापि या सर्वांना कोणत्या दारी जावयाचे हे त्या बालिकेने सांगितले, आणि सांगण्यात भय नाही असे तिला वाटले, म्हणून ते घडले.

आता पटकीकडे वळतो, कारण तेथे प्रवाह दुसऱ्या दिशेने वाहिला. १९७१ च्या जूनमध्ये सीमेअलीकडील बनगावच्या निर्वासित-छावणीत पटकीने कहर केला. शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आला होता, लहानशा रुग्णालयाची जमीन रुग्णांनी व्यापली होती, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांना वांती व मळ यांनी भरलेल्या फरशीवर गुडघे टेकून उपचार करावे लागत होते. लवण आणि शर्करा एकत्र दिल्यास आतडे पाणी शोषून घेते, हे तत्त्व ठाऊक होते. डाक्क्याच्या प्रयोगशाळेत १९६८ साली ते रुग्णांवर सिद्धही झाले होते. परंतु ते तोंडाने द्यावयाचे पाणी तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून द्यावे, हे वैद्यकविश्वाला मान्य नव्हते. महालनबीसांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाने पुड्या बांधवून घेतल्या, तोटीच्या पिंपांत द्रावण भरून ठेवले, आणि पेला रुग्णाच्या आईच्या, भावाच्या, नवऱ्याच्या हाती दिला. जेथे शंभरांत तीसपर्यंत रोगी दगावत होते, तेथे त्यांच्या देखरेखीखालील ३,७०० हून अधिक रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. वैद्यकीय जगताने या अनुभवावर विश्वास ठेवण्यास वेळ लावला. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी मात्र छावणीत येऊन सर्व प्रकार स्वतः पाहिला आणि पुढे त्याचा आग्रहाने पुरस्कार केला.

छावणीत सिद्ध झालेली ही विद्या खेड्यातील चुलीपाशी नेण्याचे काम फजले हसन अबेद यांच्या ब्रॅक या संस्थेने केले. परतलेल्या निर्वासितांचे पुनर्वसन करण्यासाठी १९७२ साली सुल्ला येथे स्थापन झालेली ही संस्था १९८० पासून दहा वर्षे घरोघर फिरली. पुडी सर्वत्र पोहोचणे शक्य नव्हते; म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप तिने स्त्रियांना शिकविले. शिकविणाऱ्या सेविकेचा मोबदला तिने किती घरे पालथी घातली यावर नव्हे, तर महिन्याभराने तपासनीस गेला असता आईला किती मुद्दे आठवतात आणि तिने कालविलेले पाणी कसे उतरते यावर ठरे; या एका योजनेबद्दल मी अबेद यांना आदराने वंदन करतो. तरीही प्रथम आयांना सारे पाठ असूनही घरात पाणी दिले जाईना. चौकशीअंती आढळले की खुद्द सेविकांचाच त्या पाण्यावर भरवसा नव्हता, आणि घरातील पुरुषांना तर कोणी काही समजावूनच सांगितले नव्हते. तेव्हा सेविकांना डाक्क्याच्या प्रयोगशाळेत आणून पटकीचा रुग्ण त्याच पाण्याने उठून बसतो हे दाखविण्यात आले, आणि मशिदींत व बाजारांत पुरुषांशी बोलणी झाली. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरे झाली. ही विद्या त्या देशात आता लेकी आपल्या आयांकडून शिकतात.

सावरच्या गणस्वास्थ्य केंद्राचाही उल्लेख केला पाहिजे. मुक्तियुद्धात त्रिपुरातील मेलाघर येथे बांबूच्या रुग्णालयात डॉ. जफरुल्ला चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य मुलींना शुश्रूषा शिकविली, आणि युद्धानंतर तशाच मुली सायकलीवरून गावोगाव लस टोचीत फिरू लागल्या. त्याच सुमारास आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे निरक्षर स्त्रियांना हाती धरून हीच वाट चालत होते.

परंतु या कथेत एक फार दुःखद प्रकरण आहे. अतिसार टाळण्यासाठी त्या देशाने युद्धोत्तर काळात लक्षावधी नळकूप खोदले. पाण्यातील जंतूंचा विचार झाला, आर्सेनिकची परीक्षा मात्र कोणी केली नाही. कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभीच पश्चिम बंगालच्या खेड्यांतील रुग्णांच्या तळहातांवरील खरखरीत गाठी आर्सेनिकच्या विषबाधेच्या म्हणून ओळखल्या होत्या. सीमेच्या त्या बाजूला विहिरींतील विषाची अधिकृत नोंद व्हावयास १९९३ उजाडले. जे हात लोकांनी वर्षानुवर्षे वैद्यांपुढे धरले, ते वाचावयास आपल्या विद्येने एवढा विलंब लावला, याची खंत मला आजही वाटते. पुढे सुमारे पन्नास लाख नळकूप तपासले गेले आणि दूषित नळांना तांबडा व निर्दोष नळांना हिरवा रंग देण्यात आला.

सॉल्ट लेकच्या छावणीत पाहिलेले निःशंकपणे वर कळविण्याची सोय जशी नव्हती, तशीच साथीचा आकडा वाढला की तो कळविणाऱ्यालाच जाब विचारण्याची रीत आपल्या तालुक्यांतही आहे. तेव्हा खुल्या अधिवेशनापुढे दोन ठराव यावेत, अशी माझी सूचना आहे. साथीची पहिली वर्दी देणाऱ्या सेविकेस व वैद्यास त्या वर्दीवरून कोणत्याही शिक्षेस वा चौकशीस पात्र धरू नये, हा पहिला. त्यांनी दिलेल्या वर्दीवर काय कारवाई झाली, हे ठराविक मुदतीत त्यांना लेखी कळविण्याचे बंधन वरिष्ठ कचेरीवर असावे, हा दुसरा. दोन्हींचे मसुदे मी कार्यवाहांकडे दिले आहेत. दुपारच्या बैठकीत त्यांवर आपण परखडपणे बोलावे, विशेषतः भगिनींनी.