चहा प्यायला थांबलो की चहा पिणं थांबवलं?



२००० सालापासून आपल्या राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. आपण बऱ्याच जणी पाचवीत एबीसीडी शिकलो. आता लेकरं पहिलीपासून इंग्रजीची वही घेऊन आपल्यापुढे बसतात. मोठ्या वर्गात गेली की विचारतात, "आई, इथे 'टु' लावू की 'इंग'?" अशा वेळी गप्प बसू नका. उत्तराचा धागा आपल्या बोलण्यातच आहे.

अजिंठ्याची लेणी बघायला निघालो आणि फर्दापूरला गाडी उभी केली. 'चहा प्यायला थांबलो' म्हटलं तर चहा मिळणार. 'चहा पिणं थांबवलं' म्हटलं तर चहा सुटला! इंग्रजीतही तसंच. 'वी स्टॉप्ड टु ड्रिंक टी' म्हणजे चहासाठी थांबलो. 'वी स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे चहा सोडला. गटाच्या पापडाचं गिऱ्हाईक इंग्रजीत विचारत असेल आणि आपण 'वी स्टॉप्ड सेलिंग पापड' असं कळवलं, तर ते दुसरीकडे जाईल.

औषधाच्या बाबतीत तर फारच जपायचं. 'रिमेंबर टु गिव्ह द मेडिसिन' म्हणजे औषध द्यायचं लक्षात ठेवा. ते अजून द्यायचंय. 'आय रिमेंबर गिव्हिंग द मेडिसिन' म्हणजे औषध दिल्याचं आठवतंय. ते देऊन झालंय. 'द्यायचं' आणि 'दिल्याचं' यांत जेवढा फरक, तेवढाच इथे. उलटसुलट झालं तर औषध दोनदा दिलं जाईल, नाहीतर राहूनच जाईल.

पण मराठीचा आधार सगळीकडे पुरत नाही. आपण म्हणतो 'शिकायला मजा येते', इंग्रजीत मात्र 'एन्जॉय लर्निंग'. तिथे 'टु' चालत नाही. म्हणून थोडे शब्द पाठच करायचे. वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस यांच्यापुढे 'टु': 'आय वाँट टु लर्न'. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड यांच्यापुढे 'इंग': 'आय फिनिश्ड कुकिंग'. लाइक आणि स्टार्ट यांना दोन्ही चालतं, तिथे घाबरायचं कारण नाही.

या आठवड्यात गटाच्या बैठकीत एक कागद घेऊ या. एका बाजूला 'टु'वाले शब्द, दुसऱ्या बाजूला 'इंग'वाले. कागद चुलीजवळच्या भिंतीला चिकटवा. भाकरी थापता थापता लेकरांकडून म्हणवून घ्या, त्यांच्याबरोबर आपलंही पाठ होईल.