मुंबई बंदरातल्या चिलखती नौका

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी इथल्या खाडीत आरमार उभारायला घेतलं. जहाजं सारी लाकडी.

दोनशे वर्षांनी, १८५९ मध्ये, फ्रान्सनं ‘ला ग्लुआर’ ही युद्धनौका पाण्यात सोडली. सांगाडा लाकडाचाच, पण त्यावर सुमारे १२ सेंटिमीटर जाडीचं लोखंडी चिलखत! इंग्रजांची झोप उडाली.

अशीच एक चिलखती नौका ठाणे-कल्याणच्या शेजारी, मुंबई बंदराच्या रक्षणाला आली: १८७० ची ‘मॅग्डाला’. दोन फिरते बुरूज, प्रत्येकात १० इंची दोन तोफा. एकेक गोळा सुमारे १८० किलोचा. पाण्यालगत ठेंगणी असल्यानं शत्रूला नेम धरणं अवघड. खवळलेल्या समुद्रात मात्र तिची पंचाईत. जोडीदार ‘ॲबिसिनिया’ला तर शिडंच नव्हती, सारी भिस्त वाफेवर.

दोघींना लढाईची वेळ कधी आलीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही विकल्या गेल्या.